प्रश्न वाचकांचे : अर्थिंगच्या खड्ड्यावरचे झाकण

गेल्या अंकात घरातील अर्थिंगविषयीच्या एका उत्तरात ‘ठरावीक काळाने चेंबरचे झाकण उघडून जोड तपासावा’ असे एक वाक्य ओघात आले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे त्या चेंबरलाच द्यायचे ठरवले. बऱ्याच पत्रांतील प्रश्न सारखे असल्याने ते एकत्र केले आहेत. ‘भूसंपर्कन’ हा शब्द योग्य असला तरी कामाच्या जागी तो फारसा ऐकू येत नाही, म्हणून येथे ‘अर्थिंग’ हाच शब्द ठेवला आहे; अर्थिंग म्हणजे बिघाडाचा प्रवाह जमिनीत जावा म्हणून उपकरणांच्या धातूच्या अंगाची जमिनीशी केलेली जोडणी. जमिनीत गाडलेल्या रॉडच्या किंवा पट्टीच्या जोडाभोवती बसवलेल्या, झाकण असलेल्या पेटीला ‘तपासणी चेंबर’ किंवा नुसते ‘चेंबर’ म्हटले आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या आवारात नवी फरशी बसवायची आहे. आवारात अर्थिंगची चार चेंबर आहेत. फरशी सलग दिसावी म्हणून ही झाकणे फरशीखाली घ्यावीत, रॉड तर जमिनीत राहणारच आहेत, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. यात काही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो लगेच दिसणारा नसल्यामुळे अधिक गंभीर आहे. विजेच्या जोडणीतील फेजची तार तुटली तर दिवा बंद पडतो, न्यूट्रल तुटली तरी काहीतरी बिनसल्याचे त्याच दिवशी कळते. अर्थिंगची तार मात्र तुटली, गंजली किंवा कोणी काढून टाकली तरी पंखा फिरत राहतो, पंप चालत राहतो, आणि घरातील कोणालाही वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. ती तुटल्याचे कळते ते एखाद्या उपकरणाच्या धातूच्या अंगावर फेज उतरल्यावर, आणि तेव्हा ते कळण्याची किंमत कोणाच्या तरी जिवाने मोजावी लागू शकते. अशा मूक वाहकाची खबर घेण्याची एकच जागा असते, आणि ती म्हणजे ते चेंबर.

‘रॉड जमिनीत राहणारच आहेत’ हे ठेकेदाराचे म्हणणे खरे आहे, पण अपुरे आहे. चांगल्या प्रतीचा रॉड जमिनीत अनेक वर्षे टिकतो. आधी खराब होतो तो त्याच्या माथ्यावरचा जोड. जमिनीच्या पृष्ठभागालगत ओलावा आणि हवा दोन्ही असतात, तेथेच बहुधा तांबे आणि जस्त चढवलेले लोखंड अशा दोन वेगळ्या धातूंची गाठ पडते, आणि ओलाव्याच्या साक्षीने त्यांतील एक धातू दुसऱ्यासाठी झिजू लागतो. नट सैल होतो, पट्टीवर कळंक चढतो, आणि जमिनीत उत्तम रॉड असूनही इमारतीचा त्याच्याशी संबंध उरत नाही. फरशीखाली गेलेल्या चेंबरमध्ये हे घडताना कोणी पाहणार नाही, आणि मोजमापासाठी आलेल्या तंत्रज्ञाला रॉड वेगळा करून तपासताही येणार नाही.

सलग फरशीचा आग्रहच असेल तर त्यालाही मार्ग आहे. ज्यात फरशीचा तुकडा बसवता येतो अशी तबकासारखी खोलगट झाकणे मिळतात. ती चौकटीसह फरशीच्या पातळीला बसवली तर कडेची बारीक रेघ सोडून काही दिसत नाही. मात्र त्या तुकड्यावर अर्थिंगचे चिन्ह कोरून घ्यावे आणि चारही जागांची अंतरे इमारतीच्या नकाशावर नोंदवावीत. चेंबरची चौकट नव्या पातळीपर्यंत उचलून घेण्याचे काम फरशी बसवण्यापूर्वी करायचे असते, हे ठेकेदाराला आजच सांगून ठेवावे.

प्रश्न : मी विद्युत अभियांत्रिकीच्या पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी आहे. अर्थिंगची सूत्रे आम्हाला शिकवली जातात, पण चेंबरविषयी पुस्तकात एका आकृतीपलीकडे काही नाही. ही पेटी कशी विकसित होत गेली?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. या साध्या पेटीचा इतिहास समजला की अर्थिंगकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, असा माझा अनुभव आहे.

आरंभी पेटी नव्हतीच. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५३ सालासाठी छापलेल्या आपल्या वार्षिकात घरांना विजेपासून वाचवण्याची रीत सांगितली, तेव्हा लोखंडी सळईचे एक टोक तीन ते चार फूट ओल्या जमिनीत असावे एवढेच जमिनीखालच्या भागाविषयी लिहिले. सळई अखंड, जमिनीत सरळ गेलेली; जोड नाही, म्हणून तपासायलाही काही नाही. पुढे तारायंत्र आले. श्टाइनहाइल या शास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये जर्मनीत दाखवून दिले की परतीच्या तारेऐवजी जमिनीचाच उपयोग करता येतो, आणि तारायंत्राच्या मार्गाच्या दोन्ही टोकांना धातूच्या प्लेटा पुरण्याची पद्धत रूढ झाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तारायंत्राची अर्थिंग सतत कामात असे. ती बिघडली तर संदेश जाणे अडे, आणि तारमास्तरला त्याच घटकेला ते कळे. तडितरक्षकाची, म्हणजे आकाशातील विजेपासून इमारत वाचवणाऱ्या सळईची, आणि नंतरच्या काळातील सुरक्षेची अर्थिंग मात्र कामाविना वाट पाहत पडून असते. जी वस्तू रोज वापरली जात नाही तिची मुद्दाम परीक्षा घ्यावी लागते, आणि चेंबरची गरज या फरकातून निर्माण झाली असे मला वाटते.

तडितरक्षकांचा विचार करण्यासाठी ब्रिटनमध्ये हवामानशास्त्रज्ञ, वास्तुविशारद, तारायंत्र अभियंते आणि भौतिकशास्त्रज्ञ यांच्या संस्थांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांचा अहवाल १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळातील अर्थिंग म्हणजे मुख्यतः खोल खड्ड्यात कोकच्या थरात पुरलेली धातूची प्लेट. प्लेट खोल असल्यामुळे वाहक आणि प्लेट यांचा जोडही पुरुष-दोन पुरुष खाली असे, आणि खड्डा बुजवल्यानंतर तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नसे. पुढे लाकडी कोळसा आणि मीठ यांचे थर देऊन त्यात प्लेट किंवा नळ बसवण्याची रीत रुळली, आणि जमीन कोरडी पडू नये म्हणून वरून पाणी घालण्याची सोय करावी लागली. अशा जुन्या खड्ड्यावरची विटांची पेटी उघडली तर मध्यभागी एक नळ आणि त्यावर जाळी लावलेले नसराळे दिसते. म्हणजे ती पेटी मुळात पाणी घालण्यासाठी होती. जोड पाहता येणे हा तिचा दुय्यम लाभ होता.

खरा पालट झाला तो दोन दिशांनी. पहिली दिशा इलेक्ट्रोडची, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धातूच्या भागाची. विसाव्या शतकात पोलादावर तांब्याचे आवरण चढवलेले, ठोकून जमिनीत घालण्याचे रॉड प्रचारात आले. रॉड वरून ठोकला जातो, त्यामुळे त्याचा माथा जमिनीलगत राहतो आणि वाहकाशी होणारा जोडही तेथेच येतो. जो जोड पूर्वी खोल गाडला जात असे तो आता हातभर अंतरावर आला. हे नुसत्या सोयीसाठी झाले नाही, त्यामागे गणितही आहे. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या (रोधकता म्हणजे मातीचा विजेला अडवण्याचा गुण) जमिनीत ३ मीटर लांबीचा आणि १६ मिलिमीटर व्यासाचा रॉड ठोकला तर प्रचलित सूत्राप्रमाणे त्याचा जमिनीशी रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, सुमारे ३३.५ ओहम येतो; तो जितका कमी तितकी अर्थिंग चांगली. व्यास दुप्पट केला तर तो सुमारे २९.८ पर्यंतच उतरतो. लांबी दुप्पट केली तर मात्र १८.६ पर्यंत खाली येतो. तेव्हा रुंद खड्ड्यापेक्षा खोल रॉड बरा, हे स्पष्ट झाले आणि मोठे खड्डे खणण्याचे कारण कमी झाले. खड्डा लहान झाला, तशी त्यावरची पेटीही लहान झाली.

दुसरी दिशा मोजमापाची. अमेरिकेतील ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये चार खुंट्या समान अंतरावर रोवून जमिनीची रोधकता मोजण्याची पद्धत मांडली. ठोकलेल्या इलेक्ट्रोडचा रोध मोजण्यासाठी तीन टोकांची पद्धत स्थिरावली : एक खुंटी दूर रोवून तिच्यातून प्रवाह पाठवायचा आणि मधल्या दुसऱ्या खुंटीवर विजेचा दाब (व्होल्टेज) मोजायचा. जमीन सर्वत्र एकसारखी असेल तर मधली खुंटी एकूण अंतराच्या ६१.८ टक्क्यांवर रोवल्यास खरा आकडा मिळतो. पण या मोजमापाची एक अट आहे. एका रॉडचा रोध हवा असेल तर तो रॉड बाकीच्या यंत्रणेपासून वेगळा करता आला पाहिजे. नाहीतर इमारतीतील पाण्याचे नळ, केबलची आवरणे, पायातील लोखंड आणि शेजारचे रॉड हे सगळे मिळून एकच आकडा देतात, आणि त्या आकड्यावरून एखाद्या रॉडची प्रकृती कळत नाही. म्हणून जोडाच्या जागी पान्याने उघडता येईल अशी जोडपट्टी, म्हणजे लिंक, आली. लिंक आली म्हणजे ती उघडण्यासाठी हात आणि पाना आत जाईल इतकी जागा आली, आणि ती जागा माती, पाणी व वाहनांच्या चाकांपासून राखण्यासाठी आजच्या अर्थाचे चेंबर आले. पूर्वीच्या पेटीचे माप नसराळ्यावरून ठरत असे. आता ते हात, पाना आणि लिंक यांवरून ठरू लागले.

यापुढची वाटचाल कारखान्यातली आहे. जागेवर बांधलेले विटांचे चेंबर गवंड्यागणिक वेगळे असे. कोठे रॉड भिंतीला चिकटलेला, कोठे तळ सिमेंटने बंद केलेला. त्याऐवजी साच्यात ओतलेल्या काँक्रीटची आणि पुढे प्लॅस्टिकची तयार चेंबर आली. वस्तू तयार मिळू लागली की तिची परीक्षा कशी घ्यायची हा प्रश्न येतोच. युरोपात २००९ मध्ये ईएन ५०१६४ या मानकमालिकेचा पाचवा भाग खास तपासणी चेंबर आणि इलेक्ट्रोडचे सील यांच्यासाठी प्रसिद्ध झाला. आंतरराष्ट्रीय पातळीवर तोच विषय २०११ मध्ये आयईसी ६२५६१-५ या मानकात आला, आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या २०१७ व २०२३ मध्ये निघाल्या. झाकणावर भार देऊन पाहणे, सीलमधून पाणी झिरपते का हे पाहणे, वस्तूवरची अक्षरे टिकतात का हे तपासणे, अशा चाचण्यांची शिस्त त्यातून आली. एका साध्या पेटीसाठी स्वतंत्र मानक असावे याचे काहींना आश्चर्य वाटते. मला मात्र हे आधीच व्हायला हवे होते असे वाटते.

प्रश्न : विटांचे, काँक्रीटचे, बिडाचे की प्लॅस्टिकचे चेंबर घ्यावे? प्लॅस्टिक विजेचे वाहक नाही, मग त्यामुळे अर्थिंगचा रोध वाढणार नाही का?

उत्तर : आधी दुसऱ्या भागाचे उत्तर देतो, कारण हा गैरसमज कामाच्या जागी वारंवार भेटतो. चेंबरच्या भिंतींमधून अर्थिंगचा प्रवाह जावा अशी अपेक्षाच नसते. प्रवाह रॉडच्या संपूर्ण लांबीतून मातीत पसरतो. ३ मीटरच्या रॉडभोवतीच्या एकूण रोधापैकी सुमारे दोन-तृतीयांश रोध रॉडपासूनच्या पहिल्या ३० सेंटिमीटरमधील मातीत असतो, आणि ही माती रॉडच्या बाजूने थेट खालपर्यंत असते. चेंबरमुळे वरची वीस-पंचवीस सेंटिमीटर माती बाजूला होते, म्हणजे ३ मीटरच्या रॉडचा बाराव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून कमी भाग मातीबाहेर राहतो. तो भाग बहुधा कोरड्या पृष्ठभागाचा असल्यामुळे त्याचा वाटा तसाही लहान असतो. तेव्हा प्लॅस्टिकमुळे अर्थिंग बिघडत नाही. चेंबरचा तळ मात्र उघडा हवा. तळाला सिमेंट ओतून टाकणारे कारागीर नीटनेटकेपणाच्या हेतूने तसे करतात, पण त्यामुळे आत आलेले पाणी साचून राहते आणि जोड त्या पाण्यात बुडून राहतो.

आता कोणते घ्यावे याविषयी. माझ्या मते हा निर्णय चेंबरवरून काय जाणार आहे यावरून घ्यावा. रस्त्यावरच्या झाकणांसाठी युरोपात ईएन १२४ हे मानक वापरले जाते आणि त्यातील वर्ग सहज लक्षात राहण्यासारखे आहेत : ए १५ हा फक्त पादचारी आणि सायकली जेथे जातात तेथे, बी १२५ हा पदपथ आणि मोटारींच्या वाहनतळासाठी, आणि डी ४०० हा सर्व प्रकारची वाहने जाणाऱ्या रस्त्यासाठी. अक्षरापुढचा आकडा म्हणजे झाकणाने सोसायचा भार, किलोन्यूटनमध्ये. बागेच्या कडेला हलके प्लॅस्टिकचे चेंबर पुरेसे आहे. ते एकट्या माणसाला उचलून बसवता येते आणि गंजत नाही. मात्र उन्हात उघडे राहणार असेल तर अतिनील किरणांना टिकणारे प्लॅस्टिक आहे की नाही ते विचारून घ्यावे, कारण साधे प्लॅस्टिक काही वर्षांत ठिसूळ होऊन झाकणाचे कान तुटतात. जेथे मालवाहू गाडी वळते तेथे प्लॅस्टिकच्या झाकणावर ‘जड वाहनांसाठी’ असे लिहिले असले तरी चाचणीचा आकडा मागावा. बिडाचे झाकण भार उत्तम सोसते, पण त्याला भंगारात किंमत येते. झाकण चोरीला गेलेल्या चेंबरमध्ये पाय अडकून लोकांना इजा झाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. विटांचे बांधकाम मी नव्या कामासाठी सुचवत नाही. जुने असेल तर पाडण्याची गरज नाही. आतली माती काढून, भिंतीला चिकटलेला जोड मोकळा करून घेतला तरी ते उपयोगी पडते.

प्रश्न : मी एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. चेंबर उघडून आतल्या वाहकाभोवती क्लॅम्पचा अर्थ टेस्टर लावला की ०.२ ओहम येतात. लिंक उघडावीच लागत नाही. हा आकडा उत्तम समजून नोंदवावा का?

उत्तर : कृपया तसा नोंदवू नये. हा आकडा फार चांगला दिसतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे संशयाने पाहायला हवे.

क्लॅम्पचा टेस्टर कसा काम करतो ते पाहिले तर कारण कळते. तो वाहकाभोवतीच्या वलयातून एक लहान दाब निर्माण करतो आणि त्यामुळे किती प्रवाह फिरतो ते मोजतो. प्रवाह फिरण्यासाठी बंद मार्ग लागतो : क्लॅम्प लावलेल्या रॉडमधून जमिनीत, जमिनीतून बाकीच्या रॉडमध्ये, आणि तेथून वाहकाने परत. समजा, एकमेकांना जोडलेले सहा रॉड आहेत आणि प्रत्येकाचा रोध ३० ओहम आहे. तर टेस्टरला दिसतात ३० ओहम अधिक उरलेल्या पाच रॉडचा समांतर रोध, म्हणजे ६ ओहम, एकूण ३६. खऱ्या आकड्यापेक्षा हा थोडा अधिक, म्हणजे सुरक्षित बाजूला चुकलेला असतो. रॉडची संख्या जितकी अधिक तितकी ही चूक कमी होते, आणि एकच एकटा रॉड असेल तर मार्गच बंद होत नाही, त्यामुळे ही पद्धत तेथे लागूच पडत नाही.

तुमच्याकडे आलेले ०.२ ओहम हे जमिनीतून येणारच नाहीत इतके लहान आहेत. कारखान्याभोवती पट्टीचे कडे गाडलेले असेल आणि तुम्ही त्या कड्याच्या पट्टीवर क्लॅम्प लावला असेल, तर प्रवाह जमिनीत न जाता धातूच्या कड्यातूनच फिरून परत येतो. तुम्ही मोजला तो कड्याच्या तांब्याचा आणि जोडांचा रोध. कडे तुटलेले नाही एवढे त्यातून कळते, आणि ती माहितीही मोलाची आहे. तिची नोंद ‘सलगता’ या रकान्यात करावी. रॉडचा रोध मोजायचा असेल तर क्लॅम्प रॉडच्या माथ्याच्या वर, पण कड्याशी होणाऱ्या जोडाच्या खाली, म्हणजे ज्या तुकड्यातून फक्त त्या रॉडचाच प्रवाह जातो तेथे लावला पाहिजे. तुमच्या चेंबरमध्ये तेवढा मोकळा तुकडा नसेल, आणि जुन्या चेंबरमध्ये बहुधा नसतोच. हल्लीची चेंबर लहान होता होता पुन्हा थोडी मोठी व्हावीत असे मी सुचवतो ते यासाठीच : क्लॅम्पचा जबडा पूर्ण मिटेल एवढी जागा रॉडभोवती हवी.

तेव्हा ठरावीक काळाने लिंक उघडून तीन टोकांच्या पद्धतीने मोजमाप करणे टळत नाही. लिंक उघडण्याविषयी मात्र अत्यंत आग्रहाने सांगतो. चालू यंत्रणेची एकमेव अर्थिंग उघडू नये. उघडलेल्या दोन टोकांमध्ये गळतीच्या प्रवाहामुळे, आणि नेमका त्याच क्षणी बिघाड झाला तर पूर्ण दाबाने, विजेचा धक्का बसू शकतो. आधी दुसरा मार्ग जोडलेला आहे याची खात्री करावी किंवा पुरवठा बंद करावा, लिंकमधून किती प्रवाह वाहतो आहे ते पाहावे, विजेचे हातमोजे घालावेत, आणि आकाशात गडगडाट असेल तर तडितरक्षकाच्या चेंबरला त्या दिवशी हातच लावू नये. काम झाल्यावर लिंक घट्ट बसली आहे हे दुसऱ्या माणसाने तपासून सही करावी. मोजमापासाठी उघडलेली आणि परत न जोडलेली लिंक हा माझ्या पाहण्यातील सर्वांत दुःखद दोष आहे, कारण सुरक्षेसाठी केलेल्या कामातूनच तो निर्माण होतो.

प्रश्न : चेंबरमध्ये दरवर्षी मीठ आणि पाणी घालावे का?

उत्तर : मीठ घालू नये. मिठाने मातीची रोधकता तात्पुरती उतरते, पण ते पाण्याबरोबर वाहून जाते आणि जाताना धातू खात जाते. पाणी घातल्याने मोजमापाच्या दिवशी आकडा सुंदर येतो. अर्थिंगची खरी परीक्षा जमीन सर्वांत कोरडी असताना होते, म्हणून मोजमाप त्याच काळात आणि पाणी न घालता करावे. जमीन मुळातच खडकाळ असेल तर अधिक लांब रॉड, अधिक रॉड, किंवा रॉडभोवती बेंटोनाइटसारखे ओलावा धरून ठेवणारे मिश्रण हे उपाय आहेत.

प्रश्न : आमच्या नव्या इमारतीत तळघर आहे आणि बाहेर रॉड ठोकायला मोकळी जागा नाही. तळघराच्या पायातूनच रॉड खाली न्यायचे ठरले आहे. जलरोधक थराला भोक पडेल म्हणून वास्तुविशारद तयार नाहीत. काय करावे?

उत्तर : तुमच्या वास्तुविशारदांची काळजी अगदी योग्य आहे. तळघराचा पाया भूजलाच्या पातळीखाली असेल तर पाणी खालून वर दाब देत असते. पातळी पायाच्या तळापेक्षा १ मीटर वर असली तरी दर चौरस मीटरवर सुमारे १० किलोन्यूटन एवढा हा दाब होतो. रॉडभोवती राहिलेली केसाएवढी फट पाण्याला पुरते. अशा जागी नुसते चेंबर बसवून आतून सिमेंट भरणे हा उपाय टिकत नाही, कारण काँक्रीट आक्रसते आणि पोलाद व काँक्रीट यांच्यामधून पाणी वर चढते.

यासाठी इलेक्ट्रोड सील नावाचा स्वतंत्र भाग असतो, आणि आयईसी ६२५६१-५ या मानकाच्या शीर्षकातच चेंबरच्या जोडीने त्याचा उल्लेख आहे. पायाचे काँक्रीट ओतण्यापूर्वीच एक नळी किंवा कॉलर बसवतात, जलरोधक थर तिच्या रुंद कडेवर चढवून दाबपट्टीने आवळतात, आणि नळी व रॉड यांच्यामधली जागा दाबल्यावर फुगणाऱ्या रबराने बंद करतात. सील निवडताना ती गळतीच्या चाचणीत किती दाबाला उतरली आहे हे विचारावे आणि तो दाब तुमच्या जागेच्या भूजलापेक्षा भरपूर अधिक आहे याची खात्री करावी. क्रमही महत्त्वाचा आहे : रॉड आधी ठोकावा, मग सील, मग जलरोधक थर, आणि शेवटी काँक्रीट. उलट क्रमाने, म्हणजे तयार पायात छिद्र पाडून रॉड ठोकण्याचा विचार कोणी मांडला तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

काँक्रीट ओतण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासून पाहावी, असे सुचवतो. पायातील लोखंडी सळयांचाच इलेक्ट्रोड म्हणून उपयोग करता येतो का, हे तुमच्या विद्युत सल्लागारांना विचारा. ओलसर जमिनीत टेकलेला पाया स्वतःच चांगला अर्थिंग असतो. मात्र पूर्ण जलरोधक आवरणात गुंडाळलेला पाया जमिनीपासून तुटलेला असल्यामुळे तेथे हा उपाय चालत नाही. तुमच्याकडे पूर्ण आवरण आहे असे पत्रावरून दिसते, म्हणून सीलचाच मार्ग खरा.

प्रश्न : चेंबर उघडल्यावर नेमके काय पाहावे, आणि किती दिवसांनी?

उत्तर : तडितरक्षकासाठी आयईसी ६२३०५-३ या मानकाच्या २०१० च्या आवृत्तीत सुचवलेला काळ असा आहे : पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या (पहिला सर्वांत कडक) संरक्षणासाठी डोळ्यांनी पाहणी दरवर्षी आणि संपूर्ण तपासणी दर दोन वर्षांनी, तिसऱ्या आणि चौथ्या वर्गासाठी अनुक्रमे दर दोन आणि दर चार वर्षांनी. विद्युत पुरवठ्याच्या अर्थिंगसाठी तुमच्याकडे लागू असलेला नियम पाळावा. नियमच माहीत नसेल तर वर्षातून एकदा झाकण उघडण्यात काही बिघडत नाही.

झाकण उघडल्यावर आधी काही हात न लावता पाहावे. पाणी साचले आहे का, मातीने जोड बुडाला आहे का, मुंग्यांनी वारूळ केले आहे का, पट्टी कोठे बारीक झाली आहे का. मग नट पान्याने तपासावा. हिरवट किंवा पांढरट थर असेल तर, वर सांगितलेली काळजी घेऊन, जोड उघडून दोन्ही पृष्ठभाग घासून स्वच्छ करावेत आणि पुन्हा आवळून झाल्यावर बाहेरून गंजरोधक ग्रीस किंवा पट्टी लावावी. दोन पृष्ठभागांच्या मध्ये रंग किंवा डांबर जाऊ देऊ नये. तांबे आणि जस्त चढवलेले लोखंड थेट टेकलेले दिसले तर मध्ये द्विधातूचा क्लॅम्प बसवून घ्यावा. झाकणाच्या आतल्या बाजूला चेंबरचा क्रमांक टिकाऊ अक्षरांत असावा आणि तोच क्रमांक नोंदवहीत असावा. प्रत्येक नोंदीत मोजलेला रोध, पद्धत, खुंट्यांची अंतरे, लिंक उघडी होती की बंद, आणि त्या दिवशी जमीन ओली होती की कोरडी हे लिहावे. गेल्या वर्षी १२ ओहम आणि यंदा १९ ओहम आले तर जमीन कोरडी होती म्हणून की जोड सैल झाला म्हणून, हे या शेवटच्या दोन रकान्यांशिवाय कोणालाही सांगता येणार नाही.